डावीकडून

शांतवन उजगरे यांच्याविषयी चार ओळी द्या,
कार्यक्रमपत्रिका छापणारी मुलगी फोनवर म्हणाली.
जन्म, शिक्षण, महत्त्वाच्या रचना.
मी म्हटलं, बाई गं,
मला माझ्या भावाची फक्त डावी बाजू माहीत आहे.

पान उलटणारीने डावीकडे बसायचं असतं,
जरा मागे, सावली पट्ट्यांवर पडणार नाही अशी.
बांगड्या नाहीत. अत्तर नाही.
शेवटच्या ओळीला उठायचं,
वरचा कोपरा चिमटीत धरायचा
आणि त्याची हनुवटी हलेपर्यंत
श्वास कुठेतरी ठेवून द्यायचा.
तीस वर्षं केलं हे,
महापालिकेच्या हिवताप खात्यातली नोकरी सांभाळून.

तर डावीकडून दिसलं ते असं:
कानामागचा तीळ,
कॉलरची उसवणारी शिवण,
भायखळ्याच्या चर्चमागची खोली,
तिच्यात लिलावातून आणलेला, जुलैत फुगणारा पियानो.
त्याच्या पोटात आईने डांबरगोळ्या ठेवलेल्या.
सगळ्यात खालचा सूर वाजला
की कपाट उघडल्याचा वास यायचा.

तेविसाव्या वर्षी त्याने बिस्किटाची जाहिरात बांधली,
अकरा सेकंदांची.
अजून कुणी ती गुणगुणलं तर तो रस्ता ओलांडतो.
पण पियानोच्या तारा त्या पैशांतून आल्या.
मग कुलाब्याच्या हॉटेलात सात वर्षं
सूप पिणाऱ्यांकडे पाठ करून वाजवलं.
तिथे पानं नसायची, तरी मी जायची.
वेटर लिंबू सरबत आणायचा, बिलात न धरता.

मग त्याने स्तोत्र रचलं.
आमची पणजी नेवाशाकडची,
बाप्तिस्मा घेतला, ओवी सोडली नाही.
ओवीचा चौथा चरण आखूड पडतो ना,
तसा त्याचा प्रत्येक चौथा बार मध्येच संपायचा,
पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं
आणि जमीनच लागावी.
वडीलमंडळाने शेवटपर्यंत ऐकलं.
सत्राळकर मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
छान आहे रे शांतवन,
पण आम्ही उठायचं कधी आणि बसायचं कधी?

तेच पुढे हेलसिंकीत वाजलं.
तिथून पत्र आलं, अदबीचं:
चौथा बार छापताना काही राहून गेलंय का?
तो इतका हसला
की डाव्या बाजूची दाढ पडलीय, हे मला तेव्हा कळलं.

आई गेली त्या दिवशी
मी गीतपुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं.
हनुवटी हलली नाही.
बाकांवरची माणसं नुसत्या गळ्याने गायली.
त्यानंतर चार वर्षं एकही पान नाही.
दर दोन महिन्यांनी अब्बासभाई यायचे,
पियानो सुरात आणायचे,
झाकण लावून, चहा पिऊन जायचे.
न वाजणारा पियानोसुद्धा उतरतो म्हणायचे,
हवा काही थांबत नाही.

पाचव्या वर्षी एका रात्री
भिंतीपलीकडून खालचा सूर आला. एकच.
मी अंथरुणात उठून बसले.
डांबरगोळ्या केव्हाच उडून गेलेल्या,
तरी वास आला.

आता पुतण्याने त्याला काचेची पाटी आणून दिलीय.
पायाने दाबलं की पान जातं.
बरंच झालं, माझाही गुडघा धरतो हल्ली.

मुलीने शेवटी चार ओळी स्वतःच लिहिल्या.
एकीत साल चुकलंय.
मला सातव्या रांगेतली खुर्ची मिळाली, उजवीकडची.
दिवे मंद झाले, तो येऊन बसला,
आणि त्याच्या उजव्या गालावर
आमचे वडील होते.
इतकी वर्षं लोक हे बघत होते,
मला कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या ओळीला मी उठले.
शेजारच्या गृहस्थांनी गुडघे आवरून वाट दिली.
तिकडे त्याचा पाय पाटीच्या पेडलवर गेला,
आणि हनुवटी,
रिकाम्या डावीकडे,
हलली.

मी खाली बसले.
गृहस्थ बराच वेळ गुडघे वळवूनच होते.