सुई हलेपर्यंत

जिलाँगला जुलै म्हणजे हिवाळा.
गराजच्या पत्र्यावर दव गोठलंय
आणि व्लास्ता फाल्कनच्या पोटात, कोपरापर्यंत.
पुली निघाली. टायमिंगचं झाकण निघालं.
मागे पंप, बशीएवढा,
त्यात एकात एक दोन गिअर.
एक फिरवतो, दुसरा फिरतो,
मधल्या फटीतून तेल वर चढतं.
काम एवढंच. पण ते थांबलं
तर बाकीचं सगळं लोखंड एकमेकांना खातं.

बाप स्टुलावर.
फ्रानेने हीच इंजिनं जोडली, सव्वीस वर्षं,
याच गावात, गेट बंद होईपर्यंत.
"काय वाईट आहे त्या गिअरांत?"
तिसऱ्यांदा विचारतो.

ती सांगते, हे सबंध पोलाद नाही, बाबा.
लोखंडाची भुकटी, साच्यात दाबून भाजलेली.
भाकरीच म्हणा.
टर्बोचा दाब वाढवला, सात हजारांवर लिमिटरला आपटलं,
की क्रँक थरथरते आणि भाकरी मोडते.
नॉर्लेनच्या टाउफाची मागच्या महिन्यात मोडली,
शेवटच्या शंभर मीटरला.
बेअरिंगं चिकटली,
रॉड ब्लॉक फोडून बाहेर बघत होता.

"आम्ही शर्यतीला नव्हती बनवली.
शाळा. बाजार. रविवारी गळ टाकायला किनारा."

खोक्यात नवे गिअर, तेलकट कागदात,
अखंड पोलादातून कापलेले.
किंमत तिचा दोन आठवड्यांचा पगार,
हे ती सांगत नाही.
जुना पुसते. कडेला पिवळा ठिपका.
बाप चष्मा शोधतो, तो खिशातच असतो.
"माझा नाही. मी दोन ठिपके द्यायचो.
हा नेवेनचा.
नेवेन रात्रपाळीला झोपा काढायचा."
दात्यांवरून नख फिरवतो, एकेक.
"तरी तडा नाही, बघ."

मग उठतो. "कोरडा बसवू नकोस हां,"
आणि न्हाणीघरातली व्हॅसलिनची डबी आणून देतो.
ती बोटाने फटी भरते.

शनिवारी प्लग काढून नुसताच स्टार्टर.
दहा मोजले. पंधरा.
सुई शून्यावर.
कुणी बोलत नाही.
नेवेनचा गिअर फ्रानेच्या मुठीत.
सुई हलली की गाडी हलली,
कळायला आणखी एक फेरा लागला.
ती वळून बघते,
बाप वाकून खाली बघतोय:
"बंद कर. झाकणापाशी गळतंय."