धुराचा रकाना

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात
हॅम्बुर्गहून कागद आलाय:
एका टॉवेलमागं धूर किती?

बॉयलरवाला इरय्या म्हणतो,
धूर काय तागडीत घालू?

मालक कलेक्टर कचेरीत जाऊन आले.
दर अजून ठरायचाय,
वरून कळवतील.
वर बघितलं,
तापलेला पत्रा.

चव्वेचाळीस अंश.
दुपारचे माग बंद,
म्हणून घड्या घालणाऱ्या नरसूबाई दुडमची
अर्धी हजेरी गेली, सलग अकरा दिवस.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.

मी लिहितो,
दर: ठरायचा आहे.
वसुली:

इथं पेन अडतं.

ओल्या फडक्यानं मान पुसत
नरसूबाई वाकून बघते.
आमची लिवा की, म्हणते,
कवाचीच चालू हाय.
आन् पावती
कुठल्या खिडकीवर मागायची,
ते बी इचारा.