ओलं कुठं ठेवलंस

रामबागेत आमच्या गल्लीत पावणेसातला
कचऱ्याची गाडी येते, आपलं गाणं वाजवत.
त्याआधी रेकॉर्डिंग उरकायचं, असा नियम होता.
विदिशा कपाटात बसायची
बाबांचे रेल्वेचे काळे कोट एका बाजूला सारून.
दारावर मी रजई धरून उभी.
हात भरून यायचे, नेमकं तेव्हाच नाक खाजायचं.
आत ती गायची हळू,
भिंतीपलीकडच्या दुबेजींची झोप मोडू नये
इतकं हळू.
पुढे पेपरात आलं, ‘कानात सांगितल्यासारखा आवाज’.
दुबेजींचं नाव कुठेच नाही.

बाबांची बदली विदिशा स्टेशनवर असताना झाली
म्हणून ती विदिशा.
मी रतलामची.
पण माझं नाव कुणी रतलाम ठेवलं नाही.

त्या दिवशी गाडी दहा मिनिटं लवकर आली.
दुसरं कडवं संपवून ती श्वास घेत होती
आणि जिन्यातून आई ओरडली,
‘ओलं कुठं ठेवलंस गं?’
मी रजईमागे दात-ओठ आवळले.
विदिशा थांबली नाही.
आईचा ‘गं’ जिथे टेकला
तिथूनच तिने पुढची ओळ उचलली,
पायरीवरची चप्पल न बघता पायात सरकवावी तशी.

मग मुंबईच्या कंपनीने गाणं धुतलं.
आई काढली, गाडी काढली,
जिन्याचा घुमारा काढला.
आंघोळ घातलेल्या मांजरासारखं
एवढंसं झालं ते.
पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवलं, म्हणे रात्री दोनला.

आधी अन्नपूर्णा रोडच्या जिममध्ये वाजलं.
मग ऑटोत.
मग सराफ्यात, रात्री साडेबाराला,
जिलबीवाल्याचा फोन पिठाच्या हाताने चिकट झालेला,
त्यातून आमची आई विचारत होती
आणि तो तळत होता.
एकेचाळीसावा नंबर. एकोणीस.
तिसऱ्यावर तीन आठवडे अडकलं.
आई म्हणाली, तिसरा काही वाईट नाही,
मॅट्रिकला मला तिसराच वर्ग होता.
एका मंगळवारी पहिलं आलं.
बाबांनी चार किलो लवंगी शेव वाटली.
दुबेजी म्हणाले, भिया, हे तर मी केव्हाच ऐकलंय.

लोकांना कळत नव्हतं कुठे ओलं, कुठलं ओलं.
ओलं म्हणजे डोळे, कुणी म्हणे.
ओलं म्हणजे पहिलं प्रेम, जे सुकू दिलं नाही.
एका प्राध्यापिकेने अडीच पानं लिहिली.
टीशर्ट निघाले.
एका पोराने मनगटावर गोंदवून घेतलं,
‘ठेवलंस’वरचा अनुस्वार विसरून.
आई म्हणाली, सांगू का त्यांना?
फोनवर विदिशा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, असू दे गं.
तिच्या मागे कुठलीतरी लिफ्ट
मजल्यांचे आकडे इंग्रजीत सांगत होती.

डिसेंबरात ती आली, नेहरू स्टेडियमवर.
आम्हाला पहिली रांग, गळ्यात पट्टे,
आईच्या पट्ट्यावर ‘कलाकाराचे कुटुंब’.
चांदीसारखे कपडे. बारीक झालीय.
दुसरं कडवं संपलं.
तिने माईक लोकांकडे धरला
आणि वीस हजार माणसांनी
एका गळ्याने विचारलं,
ओलं कुठं ठेवलंस गं?

माझ्या शेजारी आई पुटपुटली,
‘ओट्याखाली. हिरव्या बादलीत.’

विदिशाच्या कानात यंत्र होतं.
त्यातून तिला नुसता ठेका ऐकू येतो,
असं तिनेच मला सांगितलेलं.

रात्रीच्याच विमानाने ती गेली.
मागे घरभर फुलं,
कुणीतरी आणलेला केक, अर्धा.
पावणेसातला गाडी आली.
आईने विचारलं नाही.
मी खाली उतरले,
ओलं मीच दिलं.