चोवीस नावं

सप्टेंबरातल्या पालकसभेला मी उशिरा पोचले,
आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात जे पडतं
ते माझ्या पडलं : नाताळच्या भेटीची वर्गणी.
"तुझं अक्षर चांगलं आहे, इर्या," टूला म्हणाली,
जणू पैसे अक्षराने जमतात.

थंडर बेला डिसेंबरात
सरोवराच्या काठाला बर्फाची साय धरते,
शाळेच्या दाराशी गाड्या इंजिन न विझवता उभ्या राहतात.
मी काचेवर टकटक करते.
काच चार बोटं खाली येते.
चार बोटांच्या फटीतून जे येईल ते आपलं.

जोव्हानाच्या आईने पन्नासची नोट दिली
आणि पावती नको म्हणाली. दोनदा. मोठ्याने.
वेनने विचारलं, मागच्या वर्षीच्या कपाचं काय झालं,
बाईंकडे एव्हाना किती कप साठले असतील,
असं बराच वेळ, आणि मग दहा.
लेरॉय बोसिकचा बाप काही बोललाच नाही.
दुसऱ्या दिवशी पोराने हातमोजा काढून दिला :
अंगठ्याच्या खोबणीत सव्वासहा डॉलर,
सगळी चिल्लर, अजून गरम.
तिघं म्हणाले, उद्या.
उद्याची नावं मी शिसपेन्सिलीने लिहिते.

नावापुढे आकडा लिहायचा नाही, फक्त खूण.
हा नियम माझाच.
करताना वाटलं होतं, तो दुसऱ्यांच्या लाजेसाठी आहे.

पैसे बिस्किटांच्या डब्यात, फ्रिजवर.
नोव्हेंबरात कागदगिरणीची तिसरी पाळी बंद झाली,
तेव्हापासून रेइनो घरीच असतो,
बिजागऱ्यांना तेल देत फिरतो, एकही दार करकरत नाही.
गुरुवारी रात्री उणे सव्वीस,
आणि भट्टीतलं तेल संपलं.
टँकरवाला शंभराच्या आत गाडी वळवत नाही.
आमच्याकडे वीस होते.

'घेतले' लिहू, की 'उसने घेतले'?
झाकण निघताना डबा 'टक्' म्हणतो,
हे मला त्या रात्री कळलं.
रेइनोने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
मुलगा झोपेत पांघरूण लाथाडेपर्यंत
आम्ही भट्टीचा आवाज ऐकत बसलो.

शनिवारी पहाटे तीनला उठून
वेलदोड्याच्या पावाच्या सोळा वेण्या घातल्या,
चर्चच्या बाजारात पाचाला एक अशा मांडल्या.
टूलाने तीन घेतल्या. जोव्हानाच्या आईने चार.
वेनने आधी एक दाबून पाहिली, मग दोन.
दुपारपर्यंत ऐंशी झाले, डबा भरला,
आणि घरी येताना मधल्या वळणावर लक्षात आलं,
एकाच भेटीसाठी या लोकांनी दोनदा पैसे दिले.
हसू आलं. मग आलं नाही.

भेट काय, यावर नऊ दिवस वाद.
शेवटी मुलांनाच विचारलं.
मुलं म्हणाली, मधल्या सुट्टीत पेल्टिए बाई
हात काखेत घालून उभ्या असतात.
म्हणून मूसच्या कातड्याचे मोजे, आत फर,
उरलेल्यात पुस्तकांच्या दुकानाचं कार्ड.
"आणि डोरीनला?" लेरॉयने विचारलं.
डोरीन, जी चोवीस जोडी बुटांचे बंद बांधते.
आमच्यातल्या एकीलाही ती आठवली नव्हती.
कार्ड दुकानात परत केलं, दोन छोटी आणली.

शुभेच्छापत्रावर चोवीस नावं, कुणाचं तिरकं,
कुणाचं उलट्या 'एस'चं.
पेन्सिलीतली तिन्ही नावंही शाईने आली,
कुणाचंही खोडावं लागलं नाही,
कारण पत्रावर हिशेब नसतो.

जानेवारीत बाईंची चिठ्ठी आली : सर्वांचे आभार.
ती मी डब्यात ठेवायला गेले
तर तळाशी पंचवीस सेंटचं एक नाणं.
रात्री दोनदा बेरीज केली. हिशेब चोख आहे.
तरी ते आहे,
नाण्यावरचा कॅरिबू मान वर करून बघतो आहे
फ्रिजकडे, माझ्याकडे, कुठेतरी.