काटा शून्यावर

कळमन्याच्या काट्यावर माझी रात्रपाळी.
मिरचीचा हंगाम. खिडकी लावली तरी ठसका आत येतोच,
पावती फाडताना एक शिंक ठरलेली.
दोन गाड्यांच्या मधल्या वेळात
मी खणातून ते काढते:
चष्म्याच्या घराएवढं, बिजागरीपाशी तडकलेलं,
आत लिनक्स, वर कुणाच्या तरी नखांच्या खुणा.
सीताबर्डीत इर्शादने अठराशे सांगितले, चौदाशेला दिलं.
"फोन नाही हा, ताई. नुसता लिहायचा आहे."

उघडलं की काळा पडदा
आणि दर ओळीच्या आधी एक नाव: प्रज्योत.
आधीचा मालक. विकताना पुसायचं राहिलं असेल.
पहिले दोन आठवडे मीच प्रज्योत होते.
चुकायची मी,
परवानगी नाकारली जायची प्रज्योतला,
आणि मला वाटायचं, बिचारा.

बटणं मुगाच्या डाळीएवढी,
माझं बोट एक दाबतं, दोन उमटतात.
शेवटची दोन टिंबं विसरले
तर यंत्र म्हणतं, ओळ चार.
एवढंच. ओळ चार.
एकोणीस वर्षं झाली इथे,
चुकलेलं नेहमी ऐकवलं गेलं, तेही चारचौघांत,
पण नेमकं कुठल्या ओळीत
ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा थांब म्हणायचं राहून गेलं.
बाहेर पोत्यांवर टेकचंद हमाल झोपला होता,
सुचेना म्हणून त्याचंच नाव छापायला सांगितलेलं.
टेकचंद टेकचंद टेकचंद टेकचंद
पडदाभर, खालून वर, पळतच सुटला.
यंत्र तापलं. झाकण मिटलं, उघडलं, तरी टेकचंद.
तेवढ्यात खरा टेकचंद डोळे चोळत दारात:
"काय झालं बोंद्रे बाई? मले आवाज देला का?"
"हाव," म्हटलं, "हजारदा देला."
इर्शाद सहरीला जागा होता, फोनवर म्हणाला,
कंट्रोल आणि सी, दोन्ही संगं दाबा.
दाबलं.
टेकचंद थांबला. दारातला थांबलाच होता.

मागच्या रविवारी इर्शाद म्हणाला,
"आता जरा अवघड. इथे मोजणी शून्यापासून.
पहिल्याला शून्य म्हणायचं, दुसऱ्याला एक.
इथे सगळे अडकतात."
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
मी कधी अडकते म्हणून.
मी कशाला अडकू?
गाडी चढायच्या आधी काटा शून्यावर आणतात,
फळीवर चिखल असो, सांडलेलं पाणी असो,
एखादी घूस पळत असो.
शून्य दिसल्याशिवाय मी हात वर करत नाही,
ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवो.
हे त्याला सांगितलं.
त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला
आणि चहा मागवला.

आज तीनच्या सुमारास लाईट गेली.
काट्याचे लाल आकडे विझले,
भिवापूरची गाडी रिकामी होऊन उभी,
दोन्ही वजनं घेतलेली, पावती बाकी.
वजाबाकी हातानेही होते,
पण हे तळहातावर जळत होतं, एकतीस टक्के,
आणि माझा पहिला कामाचा प्रोग्राम तयार होता.
भरलेली पंधरा हजार तीनशे दहा.
रिकामी सहा हजार सत्तर.
उत्तर: उणे नऊ हजार दोनशे चाळीस.
ड्रायव्हर डोकावून म्हणाला,
"म्हणजे मिरची आम्ही आणली नाही,
तुमचीच घेऊन चाललो का काय?"

या वेळी ओळ सांगितली नाही.
यंत्राच्या मते सगळं बरोबर होतं.
मी वरून एकेक ओळ वाचत खाली आले,
अंगठ्याने, टॉर्चशिवाय, एकदा शिंकून.
भरलं आणि रिकामं,
दोघांच्या जागा मीच उलट लिहिल्या होत्या.

ओळीआधीचं नाव कसं बदलायचं
तेही परवा कळलं.
अजून बदललेलं नाही.