रिकामी जागा

संध्याकाळी सात ते आठ. राजारामपुरी,
झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला.
माणगावे मॅडमनी फळ्यावर एक टिंब काढलं, एक रेघ, एक खोकं.
टिंबापाशी अ‍ॅट, रेघेला टेकलं की ऑन,
चारी बाजूंनी वेढलं की इन.
"एवढंच आहे. चित्र डोळ्यांसमोर आणा."

आणतो मी.
आम्ही कोल्हापूरच्या बाया असंच बोलतो, मी आलो, मी गेलो.
इंग्रजीत तेवढी सोय आहे,
आय गो म्हटलं तर पुण्याची पाहुणी हसत नाही.

चित्र येतं, पण मागच्या दारानं येतं.
आमच्यात आधी जागा,
मग तिच्या पाठीला चिकटून कुठं ते.
चिकटताना जागा जराशी वाकते,
रंकाळा रंकाळ्या होतो, मगच त्याच्यावर जाता येतं.
तिकडं आत का वर हे आधीच ठरवायला लागतं
आणि जागा मागनं येते, ताठच्या ताठ.

रंकाळ्यावर भेळ खाल्ली, मी ऑन लावून लिहिलं.
म्हणजे पाण्यावर बसून खाल्लीत, मॅडम म्हणाल्या.
वर्ग हसला. मीपण हसलो.

पोरानं चपला नेटवर टाकल्यात, म्हणून ही शिकवणी.
कार्डिफची कोण ग्वेनबाई विचारते, अंगठा आवळतो का?
मी लिहिलं, चप्पल इन युवर फूट, आठ दिवसांत सैल होईल.
मॅडमनी लाल रेघ मारली:
पायात काटा असतो हो. चप्पल ऑन.
असेल.
पण पायात चप्पल, बोटात अंगठी, गळ्यात डोरलं,
आम्ही अंगाला नुसतं टेकवत नाही काही.

मग गाळलेल्या जागा.
ही स्टूड, रिकामं, द डोअर.
सगळे एका दमात, अ‍ॅट!
माझं पेन थांबलं.

सटवाप्पा आज्जा जोड घेऊन घरोघर जायचा.
दारात उभा राहायचा, असं आम्ही म्हणतो.
दारात. त आहे, पण आत नाही.
माप घ्यायला कागद उंबऱ्याच्या अलीकडं ठेवायचा,
पलीकडनं पाय यायचा कागदावर,
पेन्सिल पायाभोवती फिरायची, पायाला न लागता.
पैसे वरनं पडायचे ओंजळीत.
आणि त्याच्या हातच्या चपला, करकरत्या, तेल पाजलेल्या,
त्यापण दारातच राहायच्या,
त्याच्याशेजारी.

अ‍ॅट लिहिलं. बरोबर आलं.
दहापैकी सात.

घरी येऊन ग्वेनबाईला कळवलं:
कोल्हापूरला आलात तर सुभाषनगरात दुकान आहे, कम इन.
इनच्या पुढं काय लिहू, मॅडमना फोन करून विचारलं.
काही नाही, म्हणाल्या,
तिथं जागा लिहायची गरज नसते.