पन्नासच्या आत

ग्लिविचे. खिडकीबाहेर कोळशाने मळलेला बर्फ.
हाल्श्का डिश उजेडाकडे धरते.
चौदा दिवसांपूर्वी सहा ग्रे दिले होते,
आज जांभळे ठिपके.

नियम साधा आहे.
पन्नास पेशी झाल्या तर वसाहत,
एकोणपन्नास म्हणजे मेल्यात जमा.

एका ठिपक्यापाशी ती अडते.
सत्तेचाळीस. पुन्हा मोजते. सत्तेचाळीस.
वहीत काही लिहीत नाही.

खालच्या मजल्यावर उंदरांचे पिंजरे,
कॅलिपरने मोजायच्या मांडीतल्या गाठी.
सात नंबर तिची बाही हुंगतो.
त्याला शून्य ग्रे. तुलनेसाठी.

संध्याकाळी बसमध्ये
शेजारच्या बाईच्या मानेवर
मार्करची निळी फुली, मफलरमधून अर्धी दिसणारी.

हाल्श्का बोटांवरचा जांभळा डाग
हातमोज्यात लपवते.
थांबे मोजू लागते,
आणि चुकते.